पहिली ऑर्डर हॅम्बुर्गला पोचली पण तिकडच्या बिलाने गिऱ्हाईक भडकलं, फॉरवर्डर नक्की करतो काय?

भोसरी_वर्कशॉप
मंगळवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस वाचतोय पण लिहितोय पहिल्यांदाच. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे, बाबांनी दोन लेथवर सुरू केलेलं, आता चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी आहेत आणि मी बघतो. आजवर सगळं काम चाकण-तळेगावच्या कंपन्यांचं, म्हणजे माल टेंपोत टाकला, चलनावर सही आणली की संपलं. यावर्षी जर्मनीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीची ऑर्डर मिळाली, स्टीलचे फ्लँज आणि हाउसिंग. आईने पेढे आणले होते.

माल चार लाकडी पेट्यांत गेला. एकेक पेटी १.२ मीटर बाय ०.८ बाय ०.६, वजन ८५० किलोच्या आसपास. सौदा सीएफआर हॅम्बुर्ग, म्हणजे तिथल्या बंदरापर्यंतचं भाडं आमच्याकडे. दोन फॉरवर्डरकडून कोटेशन घेतलं, एकाने सीबीएमला म्हणजे घनमीटरला बऱ्यापैकी भाडं सांगितलं, दुसऱ्याने इतकं कमी सांगितलं की मी दोनदा फोन करून खात्री केली, आणि त्यालाच काम दिलं.

तर झालं असं. मी हिशोब २.३ सीबीएमचा धरला होता, बिल आलं ३.४ वर. मग माल पोचल्यावर तिकडच्या एजंटने आमच्या गिऱ्हाइकाला हँडलिंगचं बिल लावलं ते मी इकडून भरलेल्या भाड्याच्या कितीतरी पट, त्यांच्या पर्चेसच्या बाईंचा मेल आला की भाडं तुम्ही भरलंय म्हणालात मग हे काय आहे. मला उत्तरच देता येईना. आणि वर एका पेटीतल्या पार्टांना गंज चढलेला.

मला कोणाचं नाव घ्यायचं नाही, भांडायचंही नाही. दुसरी ऑर्डर आली आहे, यावेळी अख्खा वीस फुटी कंटेनर जाईल एवढी. त्याआधी समजून घ्यायचंय. फॉरवर्डर, सीएचए, शिपिंग लाइन, सीएफएस हे सगळे एकच की वेगवेगळे? माल भोसरीतून निघाला की कुठे कुठे थांबतो? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

गोदी_ते_घाट
बुधवार, सकाळी ८.३५

दादा, पहिली एक्स्पोर्ट ऑर्डर पूर्ण केलीस त्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. मी एकोणीस वर्षं फॉरवर्डिंगमधे आहे, सुरुवात मुंबईला बॅलार्ड इस्टेटमधे डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर, आता दहा वर्षं पुण्यात. तुझा धागा वाचून राहवलं नाही, कारण हीच गोष्ट मी दर दोन-तीन महिन्यांनी कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकतो आणि दरवेळी समोरचा माणूस पहिल्यांदा एक्स्पोर्ट करणाराच असतो.

आधी ते ३.४ चं. सुटा माल जातो त्याला एलसीएल म्हणतात, त्यात भाडं घनमीटर किंवा टन यातलं जे जास्त भरेल त्यावर लागतं, एक घनमीटर बरोबर एक टन. तुझ्या पेट्या आकाराने २.३ घनमीटर पण वजनाने ३.४ टन. लोखंडाच्या मालाला कायम वजनच लागणार, त्यामुळे यात फसवणूक काही नाही, पण कोटेशन देतानाच हे सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही ही त्यांची चूक. विमानाचा हिशोब वेगळा, तिथे एका घनमीटरला साधारण १६७ किलो धरतात म्हणून तिथे फुगीर हलका माल मार खातो.

आता कोण कोण आहे ते. शिपिंग लाइनकडे जहाज आणि कंटेनर. फॉरवर्डरकडे जहाज नसतं, बहुतेकांकडे ट्रकही नसतो, तो जहाजावरची जागा घेऊन तुला देतो आणि तुझ्या दारापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतच्या सगळ्यांना एका दोरीत ओवतो. सीएचए म्हणजे कस्टम्सचं लायसन असलेला माणूस, कायद्यात आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात पण बोलताना सगळे सीएचएच म्हणतात, तो तुझ्या वतीने शिपिंग बिल म्हणजे कस्टम्सकडचा निर्यातीचा अर्ज भरतो. सीएफएस म्हणजे बंदराबाहेरचं कस्टम्सच्या देखरेखीखालचं आवार, न्हावा शेव्याचे बरेचसे द्रोणागिरीच्या बाजूला आहेत. पुण्यात खूप ऑफिसं फॉरवर्डिंग आणि सीएचए दोन्ही करतात म्हणून नवीन माणसाचा गोंधळ होतो.

तुझ्या पेट्या भोसरीतून निघून द्रोणागिरीला एखाद्या सीएफएसमधे उतरल्या असणार. तिथे दहा-पंधरा जणांचा माल एका चाळीस फुटी डब्यात भरतात, कोणाचे गालिचे, कोणाचे मसाले, कोणाचे तुझ्यासारखे पार्ट. हे भरणारा तो कन्सॉलिडेटर, आणि तुझा फॉरवर्डर बहुतेक वेळा फक्त त्याच्याकडे बुकिंग टाकतो. हॅम्बुर्गला तो डबा कन्सॉलिडेटरच्या एजंटच्या गोदामात उघडतात, माल वेगळा करतात आणि त्या कामाचं बिल तिकडच्या गिऱ्हाइकाला लावतात. इथेच सगळी मेख आहे. गर्दीच्या मार्गांवर इकडे कन्सॉलिडेटरांची एकमेकांशी इतकी चढाओढ असते की भाडं शून्यावर येतं, कधी शून्याच्याही खाली, म्हणजे उलट फॉरवर्डरलाच पैसे देतात. ते पैसे तिकडच्या हँडलिंग बिलातून वसूल होतात आणि तुझ्या गिऱ्हाइकाला त्या एजंटशी भाव करायची सोयच नसते, कारण माल त्याच्या गोदामात अडकलेला असतो.

म्हणून कोटेशन मागताना पहिला प्रश्न हा विचार, की तिकडे माझ्या माणसाला कायकाय लागेल ते ओळीओळीने लेखी द्या. जो देत नाही त्याचं भाडं कितीही कमी असो, त्याच्याकडे माल देऊ नको. तो कागद ऑर्डर घेतानाच गिऱ्हाइकाला पाठवून दे. त्यांना पैसे देण्याचं वाईट वाटत नाही, न सांगता आलेल्या बिलाचं वाटतं.

लॉजिस्टिक्स_शिकतेय
बुधवार, सकाळी १०.०२

वाचनखूण साठवली. दादा, शून्याच्या खाली भाडं हे आमच्या कोर्समधे कुणी सांगितलंच नव्हतं!! एक विचारू का, मग हे सीआयएफ, एफओबी वगैरे, म्हणजे भाडं-विमा कोणाकडे ते ठरवताना फॉरवर्डर कोण निवडतो?

गोदी_ते_घाट
बुधवार, सकाळी १०.४०

ज्याच्याकडे मुख्य भाडं तो निवडतो. एफओबी असेल, म्हणजे जहाजाचं भाडं खरेदीदाराकडे असेल, तर तो आपला फॉरवर्डर नेमतो, त्याला आम्ही नॉमिनेशन म्हणतो. बाकी आबा लिहितील, ते या विषयात आमचे गुरू आहेत.

आबा६३
बुधवार, दुपारी ३.१५

गोदीने व्यवस्थित लिहिलंय. मी कस्टम्सच्या कामातून रिटायर झालो, कोथरूडला असतो. मी कागदाबद्दल लिहितो कारण माझं आयुष्य त्यातच गेलं.

आम्ही कामाला लागलो तेव्हा मुंबईच्या इंदिरा डॉकमधे गोण्या, पिंपं, पेट्या सुट्या चढायच्या, माथाड्यांच्या पाठीवरून आणि क्रेनच्या जाळीतून, आणि जहाज दिवसचे दिवस धक्क्याला उभं असायचं. माल डोळ्याला दिसायचा, हाताला लागायचा. कंटेनरची सुरुवात अमेरिकेत १९५६ ला झाली, २६ एप्रिलला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ डबे घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेलं, आणि पुढे सगळ्या जगाचा माल डब्यात बंद झाला. आता डब्यात काय आहे ते बाहेरून कळत नाही, कस्टम्सला कळतं ते कागदावरून, बँकेला कळतं ते कागदावरून, जहाजाच्या कॅप्टनला सुद्धा कागदावरूनच. म्हणून मी पोरांना नेहमी सांगायचो की पेटीला जितका हात लावता तितकाच कागदाला लावा.

मुख्य कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग, थोडक्यात बीएल. ती मालाची पोच आहे, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आहे, आणि मालकीचा कागदही आहे, मूळ प्रत ज्याच्या हातात त्याला माल मिळतो. आपल्याकडे याचा कायदा १८५६ चा होता, तो जाऊन २०२५ ला नवीन आला. साधारण तीन मूळ प्रती निघतात. फॉरवर्डरमार्फत गेलात तर दोन बीएल असतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. शिपिंग लाइनची मास्टर बीएल, तिच्यावर माल पाठवणारा म्हणून फॉरवर्डरचं नाव आणि घेणारा म्हणून त्याच्या परदेशातल्या एजंटचं. आणि फॉरवर्डरची हाउस बीएल, तिच्यावर तुमचं आणि तुमच्या गिऱ्हाइकाचं नाव. म्हणजे जहाजाच्या लेखी तुम्ही अस्तित्वातच नाही, तुमचा सगळा विश्वास हाउस बीएल काढणाऱ्यावर. तो कोण आहे, सरकारकडे मल्टिमोडलवाला, म्हणजे ट्रक-रेल्वे-जहाज अशी जोडून वाहतूक करणारा, म्हणून नोंदलेला आहे का, हे बघितल्याशिवाय माल देऊ नये. १९९३ च्या कायद्याखाली ही नोंदणी असते.

एफओबीचा धोका पण सांगतो. गिऱ्हाइकाने नेमलेला फॉरवर्डर हा गिऱ्हाइकाचा माणूस. पैसे यायचे असताना, मूळ बीएल तुमच्या कपाटात असताना, तिकडे माल सोडून दिलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, नागपूरच्या एका सज्जन माणसाचा, आणि नंतर त्यांना कोर्टात फिरावं लागलं. नवीन गिऱ्हाईक असेल आणि पैसे उधार असतील तर फॉरवर्डर आपणच नेमावा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

भोसरीकर, तुमचं एडी कोड, म्हणजे बँकेचा कोड, कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर नोंदलंय ना? आणि जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, भरलंय का? शिपिंग बिलावरचा इन्व्हॉइस नंबर आणि जीएसटीआर-१ मधला इन्व्हॉइस नंबर एकसारखा टाका, एका तिरक्या रेघेचा फरक असला तरी आयजीएसटी भरून पाठवलेल्या मालाचा परतावा अडकतो, सिस्टीम एसबी००५ असं दाखवते आणि मग तुम्ही महिनोन्महिने चकरा मारता.

नारायणगाव_द्राक्षे
बुधवार, संध्याकाळी ७.२०

आबांना शंभर टक्के अनुमोदन. आमचा माल नाशवंत, द्राक्षाचे रीफर म्हणजे फ्रीजसारखे कंटेनर रॉटरडॅमला जातात, आमच्याकडे तर तास मोजतात. पॅकहाउसला माल आधी प्रीकूलिंगमधे थंड करून मगच डब्यात भरायचा, कारण रीफर कंटेनर गार माल गार ठेवतो, गरम माल गार करायला तो बनवलेलाच नाही. हे न समजल्यामुळे आमच्या गावात एकाचं अख्ख्या सीझनचं नुकसान झालंय. फॉरवर्डर निवडताना मी एकच बघतो, रात्री दोनला ट्रेलरचा जेनसेट बंद पडला तर फोन उचलणारा माणूस कोण आहे त्याचं नाव आणि नंबर. ऑफिसचा नंबर चालत नाही.

आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, दहा-पंधरा दिवस वाढले. पंप पार्टला चालेल हो, द्राक्षाच्या देठाचा रंगच बदलतो तेवढ्यात, आणि तिकडचा खरेदीदार पहिल्यांदा देठच बघतो.

उरणकर
बुधवार, रात्री ९.४८

धागा छान चाललाय म्हणून लिहितो. मी उरण तालुक्यातला, घरातले तिघं बंदराच्या भोवतीच्या कामात. पुण्याच्या लोकांना बंदर म्हणजे एक गेट वाटतं, तसं नाही. न्हावा शेवा १९८९ ला सुरू झालं आणि आता आत वेगवेगळ्या कंपन्या चालवतात अशी वेगवेगळी टर्मिनल आहेत. तुमचा डबा कुठल्या टर्मिनलला लागणार ते जहाजावर अवलंबून, ट्रेलर चुकीच्या गेटला गेला तर करळ फाट्यावरून परत फिरून रांगेत लागायचं आणि त्यात अर्धा दिवस जातो. फॉर्म १३, म्हणजे डबा आत न्यायचा गेटचा कागद, हातात असल्याशिवाय आत सोडत नाहीत. आत गेल्यावर यार्डात जागा ठरलेली, रबर टायरच्या क्रेन डबा उचलून थप्पीला लावतात, आणि जहाज आलं की जड डबे खाली, हलके वर, आधी उतरायचे ते नंतर चढतात, असा आधीच नकाशा केलेला असतो. म्हणून वजन खोटं सांगू नका रे कोणी. वजनाच्या हिशोबावर थप्पी उभी असते आणि खाली आमची माणसं काम करतात. १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम म्हणजे डब्याचं खरं वजन दिल्याशिवाय जहाजावर चढवत नाहीत ते त्यासाठीच.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या समोर दोन जहाजांची टक्कर झाली होती, एमएससी चित्रा आणि खलिजिया ३, डबे समुद्रात पडले, तेल सांडलं, दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद. तेव्हा कोळ्यांच्या जाळ्यांचं काय झालं ते आम्हाला विचारा. २०१७ च्या जूनमधे तो सायबर हल्ला झाला तेव्हाही एक टर्मिनल ठप्प झालं होतं, ट्रेलरवाले पोरं रस्त्यावरच जेवत होती.

एक अजून. हे बंदर आणि भोवतीचं शहर ज्या जमिनीवर आहे तिथे आमची भातशेती आणि मिठागरं होती. जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जासई आणि नवघरच्या बाजूला, गोळीबारात पाच शेतकरी गेले, त्यानंतर साडेबारा टक्क्यांची जमीन परत देण्याची योजना आली. शेवा कोळीवाड्यातली माणसं उठवून हनुमान कोळीवाड्यात बसवली. पुण्याहून माल पाठवताना हे पण माहीत असावं असं मला वाटतं.

गोदी_ते_घाट
बुधवार, रात्री १०.१५

उरणकर, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. एवढी वर्षं करळ फाट्यावरून जातो, जासईचं हुतात्मा स्मारक दिसतं, पण आमच्या ऑफिसातल्या नवीन पोरांना कोणी हे सांगत नाही. उद्यापासून मी सांगणार.

चिंचवडची_मेघना
गुरुवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय त्यामुळे घाईत. मी ऑटो कंपोनंटच्या कंपनीत एक्स्पोर्ट डिस्पॅच बघते, आठवड्याला चार-पाच डबे जातात. भोसरीकर दादा, तुमच्या वीस फुटीचं सांगते, हे सगळं मी चुका करून शिकलेय.

तुमची पेटी १.२ बाय ०.८ आहे म्हणजे युरो पॅलेटचं माप. वीस फुटी डब्याची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर, १.२ च्या दोन शेजारी ठेवल्या की २.४ होतात आणि बसत नाहीत!! त्यामुळे काही आडव्या काही उभ्या करून तळाला ११ च बसतात, दोन थर म्हणजे २२. कागदावर क्षेत्रफळाने भागाकार करून १४ म्हणू नका, मी म्हटलं होतं आणि संध्याकाळी सहा वाजता तीन पेट्या दाराबाहेर राहिल्या. २२ पेट्या म्हणजे १८.७ टन. डबा वरून निम्मा रिकामा दिसेल पण भरपूर वजन झालंय, घाबरून अजून काही भरायला जाऊ नका. लॅशिंग म्हणजे पट्ट्यांनी बांधणं मात्र सोडू नका, खंडाळ्याच्या घाटात ट्रेलर वळतो तेव्हा आणि समुद्रात बोट डुलते तेव्हा हेच पार्ट दाराला धडका मारतात.

रिकामा डबा आला की भरायच्या आधी आत जायचं आणि बाहेरच्याला दोन्ही दारं लावून घ्यायला सांगायचं. दोन मिनिटं अंधारात उभं राहायचं. कुठे सुईएवढा जरी उजेड दिसला तर तिथून पाणी येणार, डबा परत. मग वास घ्यायचा, आधीच्या मालाचा केमिकल वास असेल तरी परत. जमिनीच्या प्लायवर हात फिरवून ओलं आहे का बघायचं, खिळे वर आलेत का बघायचे, दाराचं रबर बघायचं. ट्रेलरवाला कुरकुर करतो, करू दे.

तुमचा गंज बहुतेक यातूनच आलाय किंवा डब्याच्या घामातून. दिवसा तापतो रात्री गार होतो आणि छताला आतून पाणी सुटून खाली टपकतं. पार्ट व्हीसीआय म्हणजे गंजरोधक पिशवीत घाला, डब्यात आर्द्रता शोषणाऱ्या पिशव्या टांगा, आणि पेटीचं लाकूड कोरडं आहे का बघा. ओल्या लाकडाच्या पेटीत कितीही तेल लावलं तरी गंज येतो. आणि हो, लाकडावर आयएसपीएम-१५ चा गव्हाच्या ओंबीचा शिक्का पाहिजेच, म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं. शिक्का नसेल तर युरोपात माल अडवतात.

फॅक्टरीत भरून सील करायचं असेल तर कस्टम्सची सेल्फ सीलिंगची परवानगी घ्या, आरएफआयडी ई-सील लागतं. ते नको असेल तर सीएफएसला भरा, किंवा आपल्या चिंचवड-तळेगावच्या आयसीडीत म्हणजे बंदरापासून लांबच्या कंटेनर डेपोत, तिथेच कस्टम्स होतं. कंटेनर नंबर मोबाइलवर फोटो काढून मगच टाइप करा, चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक चेक डिजिट. एक आकडा चुकला की पुढे सगळीकडे चुकतो.

आणि चाकणच्या तळेगाव चौकाचा भरवसा धरू नका, गेट कटऑफ, म्हणजे टर्मिनल डबा घ्यायची शेवटची वेळ, रात्री असेल तर डबा सकाळीच काढा. कटऑफ हुकला की जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, डबा पुढच्या बोटीला आणि भाडं वर.

भोसरी_वर्कशॉप
गुरुवार, रात्री ११.४०

सगळ्यांचे किती आभार मानू. मेघनाताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून डिस्पॅचच्या टेबलावर लावलाय. आबा, एडी कोड आहे, एलयूटी पण आहे. एकच राहिलं, इन्शुरन्स. मागच्या वेळी घेतलाच नव्हता, सीएफआरमधे लागत नाही असं मला सांगितलं होतं.

गोदी_ते_घाट
शुक्रवार, सकाळी ९.०५

लागत नाही म्हणजे तुझ्यावर बंधन नाही एवढंच. सीएफआरमधे भाडं तू भरतोस पण इकडे माल जहाजावर चढला की पुढची जोखीम खरेदीदाराची, त्याने विमा घेतलाय का हे तुला माहीत नसतं, आणि नुकसान झालं की तो पैसे द्यायला कुरकुर करणार तुझ्याकडेच. सीआयएफ घेतलास तर विमा तुझा, पण त्यात कमीत कमी म्हणजे 'सी' क्लॉजचं संरक्षण चालतं, गंज-ओल त्यात बसत नाही, मशीनच्या पार्टला सगळ्यात मोठं संरक्षण असलेला 'ए' क्लॉज घे. गंजासाठी मात्र पॅकिंग नीट केलं नसेल तर 'ए' वाला पण हात वर करतो, म्हणून मेघनाताईंनी लिहिलंय ते आधी. आणि डब्याच्या मालाला एफओबी, सीएफआरपेक्षा एफसीए, सीपीटी, सीआयपी जास्त योग्य कारण तू डबा यार्डात देऊन परत येतोस, जहाजावर चढताना तू तिथे नसतोस, एफओबी-सीएफआरमधे तेवढ्या दिवसांची जबाबदारी उगाच तुझ्या अंगावर राहते, या तिघांत डबा वाहतूकदाराला दिला की संपते.

अजून एक उदाहरण देतो म्हणजे विम्याचं महत्त्व कळेल. मार्च २०२१ ला सुएझमधे एव्हर गिव्हन ही कंटेनर बोट आडवी अडकली होती, २३ ते २९ तारीख. निघाल्यावर मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवायचा खर्च जहाजमालक आणि सगळे मालवाले मिळून वाटून घेणार, तुझ्या डब्याला ओरखडासुद्धा नसला तरी. विमा असलेल्यांची हमी विमा कंपनीने दिली. नसलेल्यांनी स्वतः पैसे ठेवले तेव्हा डबा सुटला. फार जुनी रीत आहे ही समुद्रावरची आणि आजही चालू आहे.

आबा६३
शुक्रवार, सकाळी ११.३०

बरोबर. आणि बीएलचा ड्राफ्ट आला की घाईत 'ओके' करू नका. मोठ्याने वाचा, घरातल्या दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. आम्ही दोघं दोघं वाचायचो, एक इन्व्हॉइस वाचायचा, दुसरा बीएल धरायचा.

भोसरी_वर्कशॉप
सहा आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०.२०

मंडळी, सांगितल्याशिवाय राहवेना. डबा गेला.

यावेळी तीन फॉरवर्डरना विचारलं, तिघांकडे तिकडच्या खर्चाची लेखी यादी मागितली. एकाने फोनवरच टाळलं. एकाने दोन दिवसांनी दिली. एकाने त्याच संध्याकाळी ओळीओळीने दिली आणि वर लिहिलं की टर्मिनलचे दर बदलू शकतात, बदलले तर आधी कळवू. त्याचं भाडं तिघांत मधलं होतं, त्यालाच दिलं. ती यादी हॅम्बुर्गच्या बाईंना पाठवली, त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, धन्यवाद, हे आम्ही आमच्या किमतीत धरलं आहे. मागच्या बिलाबद्दल मी माफी मागितली होती, त्यावर त्यांनी पुढच्या सहा महिन्यांचं शेड्यूल पाठवलं.

पहिला रिकामा डबा मी परत पाठवला. मी आत उभा, बाबांनी बाहेरून दारं लावली, आणि डाव्या कोपऱ्यात वरती खरंच एक ठिपका उजेड. मेघनाताई, तुमची आठवण आली. दुसरा डबा दुपारी तीनला आला, कोरडा, खणखणीत. ११ खाली ११ वर, बरोबर बसल्या. व्हीसीआय, पिशव्या, पट्टे, लाकडाचे ठोकळे, सगळं करून सील लागलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ. नवीन लाकूडवाल्याकडून शिक्क्याचं सर्टिफिकेट पण घेतलं.

आणि आबा, बीएलचा ड्राफ्ट आला तो आईला वाचायला दिला. मी इन्व्हॉइस वाचत होतो, ती बीएल धरून बसली होती. तिने विचारलं, पेट्या बावीस ना रे, इथे दोनच लिहिल्यात. '22' च्या जागी '2' पडलं होतं. रात्रीच मेल केला, सकाळी दुरुस्त होऊन आलं. नाहीतर मी तो ड्राफ्ट तसाच ओके केला असता.

परवा ट्रॅकिंगवर जहाजावर चढल्याचं आलं. बाबांनी कॅलेंडरवर पेन्सिलने कंटेनर नंबर लिहून ठेवलाय, रोज सकाळी चहाच्या वेळी विचारतात कुठे पोचली बोट.

आबा६३
रविवार, सकाळी ११.०५

फार आनंद झाला, आईंना माझा नमस्कार सांगा. आता जहाज निघालंय तर लाइनने ईजीएम, म्हणजे जहाजावर गेलेल्या मालाची कस्टम्सला द्यायची यादी, भरला का ते आइसगेटवर बघून घ्या, तो भरला नाही तर ड्रॉबॅक आणि रोडटेप या निर्यातदाराला करापोटी परत मिळणाऱ्या रकमा अडकतात.

भोसरी_वर्कशॉप
रविवार, दुपारी १२.१५

बघितलं आबा. भरलाय, नंबर पण जुळतोय.